तेरा मिलिमीटर चामडं

टिप बसवायच्या आधी लहानू सातपुते
ती दातांत धरून बघतो.
का, ते मी कधी विचारलं नाही.
भवानी पेठेत त्याचे आजोबा चपलेचा तळ
असाच पारखत असतील. किंवा नसतीलही,
यालाच खोड असेल.

"हार्ड देऊ, मीडियम, का मऊ?"
भाकरीबरोबर काय वाढू, अशा सुरात.

रास्ता पेठेतलं तळघर. चार टेबलं.
तिसरं पॉवरहाऊसच्या अंगाला किंचित उतरतं,
हे फक्त नेहमीच्यांना ठाऊक.
भिंतीवर पाटी: खडू खिशात घालून नेऊ नये.
तुमच्या घरी टेबल नाही, हे आम्हाला माहीत आहे.

मी एकतीस वर्षं भोसरीत काढली, फोर्जिंगला.
हॅमर आधी डावा कान घेतो,
मग सावकाश उजवा.
निरोप समारंभात कंपनीने घड्याळ दिलं.
टिकटिक करतं, असं बायको सांगते.
कानाचं मशीन इथे आणत नाही;
त्यातून नुसता पंखा ऐकू येतो.

इतकी वर्षं हार्ड टिप वापरली.
आता कळतंय, तिचं सगळं बोलणं आवाजात होतं.
टक्. की झालं, नीट बसला.
लोक म्हणतात, हाताला कळतं.
हाताला काय कळतं, कपाळ!
लाकडातली थरथर मनगटात पोचेपर्यंत
पांढरा बॉल निघून गेलेला असतो.
सेकंदाचे हजार तुकडे करा,
त्यातल्या एका तुकड्यापुरती भेट.
मऊ टिप असेल तर फार तर दोन.
आमच्या सोसायटीच्या जिन्यातसुद्धा माणसं
याहून जास्त थांबतात.

तन्वीर शिकलगार, डिलिव्हरीची बॅग
टेबलाखाली पायाने सारत:
"काका, मऊच घ्या. फिरकी जास्त लागते."

लहानू कडेवरून पातं फिरवत होता,
चामड्याची बारीक साल वळून खाली पडत होती.
वर न बघता म्हणाला,
"फिरकी टिपेत नसते रे.
मधोमध सोडून किती बाजूला मारलंस, तिथे असते.
मऊ टिप खडू धरते, एवढंच.
थोडा तुझा धीर धरते.
खडू न लावता मारलंस,
तर म्हैस असो का डुक्कर,
कुठलंच कातडं तुला सावरत नाही."

मग जुन्या चाराण्याएवढी गोलाई देऊन
थुंकी लावून, जीन्सवर घासून
क्यू माझ्या हातात दिला.

मी मऊ घेतली होती. न ऐकता काही कळतं का, बघायला.
पांढऱ्याच्या पोटाखाली मारला, लांबचा.
सातचा आकडा खळगीत गेला.
पांढरा जागीच गिरकी घेत थबकला,
आणि मग आला मागे, हातभर,
उताराने जरा डावीकडे झुकत.

कोपरात काहीतरी झालं.
काहीतरी. दही चमच्याने तोडावं तसं.
का मला तसं व्हायला हवं होतं?

"कसा आवाज आला?" मी तन्वीरला विचारलं.
तो मोबाईलमधून डोकं काढून
थोडा वेळ खरंच आठवत राहिला.
"थप्. मळलेल्या कणकेवर चापट मारल्यासारखा."

"तीन महिने," लहानू म्हणाला, तोंडाजवळ येऊन,
मोठ्याने, मला ऐकू जाईल असं,
"मार खाऊन खाऊन हीपण घट्ट होणार.
मग या. सुईने टोचून देतो."
लोखंडाचंही तसंच असतं, असं म्हणणार होतो.
पैसे दिले.

काढलेली जुनी टिप त्याच्या स्टुलाखाली होती,
काळी, चकचकीत, सुपारीच्या खांडाएवढी.
ती उचलून खिशात टाकली. पाटीत फक्त खडू लिहिलाय.

अपोलो टॉकीजच्या स्टॉपवर बस येईना.
टिप काढली, आजूबाजूला बघितलं,
आणि पुढच्या दातावर हलकेच आपटली.

टक्.

कानातून नव्हे. जबड्यातून, आतून,
कोणीतरी कडी वाजवावी तसं.
पुन्हा आपटली.
शेजारची बाई पिशवी घेऊन जरा लांब सरकली.