एकांडे हातमोजे

वस्तू घ्यायच्या खिडकीशी मी बसते,
मंगळवार ते शनिवार, दहा ते पाच.
कायानीत या दिवसांत तीनलाच दिवा लावावा लागतो,
आणि लोक अंधार पडल्यावरच जास्त येतात.
देतानाही माणूस थोडा लाजतो.

पिशवी काउंटरवर येते, बोटं मात्र बंदातच.
मी ओढत नाही. थांबते.
कुणाला एक श्वास पुरतो,
कुणाला हवापाण्याच्या चार गप्पा लागतात.
परवा एकीने सूप वाढायचा डाव दिला,
दारापर्यंत गेली, परत आली,
डाव वजन केल्यासारखा हातात धरला,
"ठीक आहे," म्हणाली, आणि गेली.

ओस्मो रौतिओ आला तो गुरुवारी.
खोका केळ्यांचा, दोरीने बांधलेला,
गाठ अशी की मारणाऱ्यालाच सुटावी.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली त्याने
तळ्याकाठच्या सतरा थांब्यांवरून.
आत हातमोजे. लोकरीचे. एकशे बारा.
एकालाही जोडीदार नाही.

"नियम आहे," मी म्हटलं, "जोडी नसेल तर घेत नाही आम्ही."
"नियम बरोबरच आहे," तो म्हणाला,
आणि खोका उचलला नाही.

सीटखाली सापडायचे, म्हणाला.
कुणीतरी मागेल म्हणून समोरच्या कप्प्यात,
कप्पा भरला की गॅरेजात.
कुणीतरी मागेल:
दोनच शब्द,
पण माणसाची केवढी जागा अडवून बसतात!

"हा लाल, अंगठ्याला रफू, लाकूडगिरणीवाल्याची धाकटी.
आता दातांची डॉक्टर आहे ओउलूला.
हा करडा. हा पोरगा बोलायचा नाही,
उतरताना नुसती मान हलवायचा, पण रोज.
आणि हा…
हा कुणाचा ते आठवत नाही."
तोच त्याने सगळ्यात जास्त वेळ धरला.

"बायको म्हणायची, टाकून दे. टाकवलं नाही.
आता मुलगी म्हणते, घर विकायचंय, टाकून द्या.
द्यायला मी तयार आहे हो.
टाकणं आणि देणं, यात काही फरक असेल ना?"

मला उत्तर सुचेना. मी आपली खोका चाळत राहिले.
खरं सांगते, माझा एखादा सापडतो का पाहत होते.
नव्हता.
माझी बस दुसरी होती.

आतून हिल्का आली, चष्मा कपाळावर,
जुने स्वेटर उसवून उसवून बोटं वाकडी झालेली.
खोक्यात डोकावली. म्हणाली,
"जोडी नियमाला लागते. लोकरीला नाही लागत."
आणि ओस्मोला स्टुलावर बसवून
त्याचे दोन्ही हात समोर धरायला लावले.

"आधी तो," ओस्मो म्हणाला. "न आठवणारा."

टोक सापडेपर्यंतच काय तो वेळ.
मग सरसर, ओळीमागून ओळ,
धागा त्याच्या हातांभोवती लड होत गेला.
गिरणीवाल्याची धाकटी चार मिनिटांत उसवली.
न बोलणाऱ्याला जरा जास्त लागली,
त्याच्या आईने टाके घट्ट घातले होते.
सुटलेला धागा सरळ होईना,
विणीची वळणं धरूनच लोंबत राहिला.
"वाफ दिली की सोडतो," हिल्का म्हणाली. "लगेच नाही सोडत."

पाचला मी शटर अर्धं ओढलं.
हिल्काने लड अलगद काढून घेतली.
ओस्मोचे हात तसेच हवेत,
दोघांमध्ये स्टीअरिंगएवढं अंतर.
बाहेर बर्फ भुरभुरत होता
आणि तो काचेतून रस्त्याकडे पाहत होता,
अजून एक थांबा बाकी असल्यासारखा.

मग उठला, टोपी घातली,
उरलेल्यांसाठी उद्या येतो म्हणाला.
दोरी गुंडाळून खिशात टाकली,
हातमोजे माझ्या टेबलावर ओतले
आणि रिकामा खोका काखेत मारला.

"तो कशाला?" मी विचारलं.

"चांगला आहे हो अजून."