रेषेची जाडी

पंचवीस हजारास एक या प्रमाणात
अर्धा मिलिमीटर म्हणजे साडेबारा मीटर.
हे खात्यात पहिल्याच आठवड्यात शिकवलं,
पुढच्या चोवीस वर्षांत कोणी विचारलं नाही.

भांडुपच्या खाडीवर आम्ही तिघे,
खांद्यावर तिपाई, खिशात अधिसूचनेची घडी,
बुटांत चिखल.
कायदा म्हणतो, भरतीची कमाल रेषा आखा.
कुठल्या भरतीची, मी साहेबांना विचारलं.
साहेब म्हणाले, राजपत्रात बघ.

चांगुणा वैती ओट्यावरून बघत होती.
"भांगाची का उधानाची?
का तिथी न बघताच आलाव?"
मग उठली,
उंबऱ्याखालच्या दगडावर
मिठाचा पांढरा पट्टा होता, त्यावर बोट ठेवलं.
"नारली पुनवेला हयपर्यंत.
सासऱ्याचे टायमाला चार बोटां खाली."

मी वहीत लिहिलं : स्थानिकांकडून माहिती घेतली.
मिठाला सही करता येत नाही.

कायद्याला शिव्या मी देणार नाही.
रात्री दोनला इथे डंपर यायचे,
पाडलेल्या चाळींचा राडारोडा, निम्म्या भिंतीवर
अजून कुणाचं तरी कॅलेंडर,
तिवरांच्या श्वासमुळांवर ओतून जायचे.
ते एका कलमानं थांबवलं.
पान सात, शाई फिकट, भाषा अशी
की वाचताना घसा कोरडा पडावा.
पण थांबवलं.
आता तिवरं डोक्यावर गेलीत,
हिवाळ्यात रोहित उतरतात,
आणि दुर्बिणवाल्यांसाठी लाकडी धक्का झालाय, रेलिंगसकट.

"पाखरां बरी हायत," चांगुणा म्हणाली.
"पाखरांना बोर्ड वाचाया लागत नाय."

गुडघाभर गाळात तासभर वाकून
बिळातून निवटी उपसणारा हात
आता कलमात सापडतो.
पलीकडचा बत्तीस मजली मनोरा,
खाडीकडे तोंड, प्रत्येक बाल्कनीला 'निसर्ग' असा वेगळा दर,
तो परंतुकात बसतो.

परंतुक म्हंजे काय, तिनं विचारलं.
कायद्याचं मागचं दार, मी म्हणालो.
"मागलं दार आमी कोंबड्यांसाठी ठेवताव."

संध्याकाळी ऑफिसात रेषा ओढली.
घर रेषेच्या अलीकडे की पलीकडे,
साहेबांनी चष्म्यावरून विचारलं.
रेषेत, मी म्हणालो.
रेषेत म्हणजे?
म्हणजे जाडीत, साहेब.
ओटा, चूल, सुकत घातलेलं जाळं, मिठाचा दगड,
सासरा जिथे गेला ती खोलीसुद्धा
पेन्सिलीच्या टोकाखाली आहे.
टोक काढ, साहेब म्हणाले, आणि परत ओढ.

मी टोक काढत बसलो.
तासलेल्या लाकडाचा वास, बाहेर हायवेचा घोंगा,
खाडीत आता पाणी चढत असणार,
आज अष्टमी, म्हणजे भांगाचं, फार नाही.

टेबलाखाली पिशवीत
निघताना तिनं दिलेल्या दोन चिंबोऱ्या,
नांग्या सुतळीनं बांधलेल्या.
अभयारण्याच्या हद्दीतला मुद्देमाल.
पंचनामा करायला हवा होता.

पिशवी आपोआप सरकत
माझ्या बुटाला लागली.