मिरजेला नापास

जिनगोंडा मामाला मिरजेच्या रेल्वे दवाखान्यात
ठिपक्यांचं पान दाखवलं.
"आकडा सांगा."
मामा म्हणाला, "ठिपकं हायत की."

गेली नोकरी.
तेव्हापासून सांगलीच्या यार्डात
हळदीच्या सौद्याला उभा.
हळकुंड मोडतो, गाभा बघतो, गाव सांगतो.
पिवळ्यात त्याला कुणी फसवत नाही.
मिरच्या मात्र मामी स्वतः आणते.

थप्पीच्या सावलीत एक कुत्रं असतं,
हमालांनी नाव ठेवलंय सौदागर.
लस टोचायला डॉक्टरीणबाई आल्या,
मामानं त्याचं तोंड धरलेलं,
तेव्हा सहज बोलून गेल्या:
ह्याला पिवळं दिसतं, निळं दिसतं,
लाल-हिरवं सगळं एकच, मळकट.

मामाची पकड सुटली.
"म्हंजे मिरजेला ह्योबी नापास!"

आता सौदे उठले की दोघं शेजारी बसतात.
खाली पिवळी धूळ, वर निळं आभाळ.
ह्यात कमी काय आहे
ते मला दाखवता येत नाही.

बाईंना मी विचारलं होतं,
मग आपण पास ना?
त्यांनी तारेवरच्या साळुंकीकडं बोट केलं.
जांभळ्याच्या पुढचंही तिला दिसतं म्हणे.
काय दिसतं?
बाई बॅग आवरत होत्या.
"नाव नाही गं त्याला आपल्यात."

साळुंकीनं मान वाकडी केली.
मामाचा सदरा, माझी ओढणी, सौदागरची पाठ,
सगळी हळद हळद.
कुठला आकडा वाचला तिनं
आम्हा तिघांत?

उडाली.
मामा म्हणाला, "चल, चहा घेऊ."