पेवातलं यान

सन्मती मगदूमचा फोन आला तेव्हा
मी मिरजेत एका वरातीवर ड्रोन उडवत होतो.
म्हणाली, अंतराळाचा पिक्चर करायचाय.
पैसे नाहीत. यान आहे.

यान म्हणजे हरिपुरातलं पेव.
वीसेक फूट खोल, पोटात फुगलेलं, गळ्याशी अरुंद.
महापुरानंतर त्यात कुणी हळद भरली नाही,
भिंती मात्र अजून
जुन्या औषधाच्या कपाटासारख्या वास देत होत्या.

गोष्ट एवढीच: एक बाई लांब निघाली आहे.
घरून वडलांचे निरोप येतात.
अंतर वाढतं तसे ते उशिरा पोचतात,
आधी अकरा मिनिटांनी, मग पाच महिन्यांनी,
आणि मध्येच कधीतरी वडील जातात.
निरोप येतच राहतात.
‘मग पिक्चरमध्ये होतं काय?’ मी विचारलं.
‘ती ऐकते.’

आवाज खरा होता.
मार्केट यार्डात सौदे पुकारणारे तिचे अप्पा,
फोनमध्ये उरलेले:
येताना दही आण. गॅसवाला आला नाही.
कुठायस? बरं. बरं. ठेवतो.

यानात बसली आसमा नदाफ, आठवीला विज्ञान शिकवते.
पाण्याचा जार कापून हेल्मेट,
खताच्या पोत्यांना चंदेरी रंग.
प्रत्येक शॉटनंतर शिडीनं वर यायची
तेव्हा गुडघे पिवळे.

त्याच्याही आधी, पहिल्या दिवशी,
बाबू हमालानं दोरीला बांधून कंदील खाली सोडला.
तो सोडावाच लागतो.
विझला तर खाली हवा नाही,
मग माणूस उतरत नाही.
सन्मती म्हणाली, हेच घे. कापू नकोस.

मी लग्नाचा माणूस. तीन सेकंदाला कट,
स्लो मोशन फक्त अक्षतांना.
सात मिनिटं एक कंदील खाली जाताना
मी जन्मात बघितला नव्हता.
चौथ्या मिनिटाला खांदा भरून आला.
पाचव्याला ज्योत बारीक झाली, निळसर,
आणि वर आम्ही सहाजण श्वास धरून,
जणू वाचलेली हवा तिला देता येईल.

जळत राहिला.

पिक्चर दाखवला हळदीच्या गोदामात, पडद्याला चादर.
एकवीस माणसं आली, बारा थांबली.
एकजण जाताना म्हणाला,
बाकी झकास, पण रॉकेट उडतंय कधी?
दुसऱ्या ओळीत सन्मतीची आई,
मांडीवर पर्स घट्ट धरून.
अप्पा म्हणाले, बरं. ठेवतो.
आणि ती, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं,
‘ठेवा.’

माझ्याकडं एक हार्ड डिस्क आहे.
तिच्यात ‘संग्राम हळद’ नावाचं फोल्डर.
जगाची लग्नं मी पंधरा दिवसांत हातात देतो,
सख्ख्या भावाचं चार वर्षं पडून.
पहिल्यांदा वहिनी विचारायची.
आता कुणी मागत नाही.

त्या रात्री उघडलं. कापायला नव्हे.
एकेचाळीस मिनिटं, जसंच्या तसं:
फोकस जातोय, मावश्यांच्या बांगड्या,
कुणीतरी ओरडतंय लाइट गेली, लाइट आली,
एक पोरगं विनाकारण लेन्ससमोरून पळतंय.
पूर्वी मी यातलं काहीच ठेवलं नसतं.
सव्विसाव्या मिनिटाला
तो थेट माझ्याकडं बघतो, नाकाला हळद,
‘बंद कर की आता ते. जेवून घे चल.’

चार वर्षांनी पोचलं.

कॅमेऱ्यामागून मी काहीतरी बोललोय,
सनईत नीट कळत नाही.
मागं घेऊन तीनदा ऐकलं.
बहुतेक, ‘आलोच.’