खाल्ल्या पाल्याला

ॲबर्डीनहून बोट सुटते संध्याकाळी पाचला,
ऑर्कनीला लागते रात्री अकराला.
धक्क्यावर थोरा आत्या, हातात बॅटरी,
प्रश्न ठरलेला:
"उघडलं का काही?"

काय सांगू तिला.
काचेच्या बशीत पेशी आहेत,
कुणा अनोळखी माणसाच्या मोठ्या आतड्यातल्या.
माणूस जाऊन वर्षं झाली, त्या वाढतातच आहेत;
तोच तर आजार.
त्यांच्यात एक जनुक आहे,
"आता पुरे" म्हणणं एवढंच त्याचं काम.
शाबूत आहे, एक अक्षर हललेलं नाही.
फक्त मूग गिळून बसलंय,
अंगावर मेथिलच्या टाचण्या,
आणि धागा रिळाला असा करकचून गुंडाळलेला
की वाचणाऱ्याचं बोट शिरू नये.

मी त्यावर सल्फोराफेन सोडते, थेंबभर.
नाव जड, पण कूळ कोबीचंच,
शिजताना घरभर होतो त्या वासाचं भावंड.
तिसऱ्या दिवशी रीळ जरा सैलावतं,
पडद्यावर फिकट पट्टी उमटते
नखाएवढीही नाही,
आणि रिकाम्या प्रयोगशाळेत मी
"बोल, बोल" म्हणत उभी.
माणसं खाल्ल्या मिठाला जागतात.
खाल्ल्या पाल्याला पेशी जागतात का,
इतकंच तर विचारतेय.

घरामागे गोल दगडी कुंपण आहे,
छातीइतकं, बिनदाराचं.
आत केलची रोपं. वारा वरून जातो, मेंढ्या बाहेरून.
बाबा भिंत चढून आत उतरायचे,
कापायचे, भारा बांधायचे
आणि सगळा मेंढ्यांना घालायचे.
स्वतः सॉसेज, पांढरा पाव, पुन्हा सॉसेज.
"पाला खायला मला काय चार पाय आहेत?"
चोपन्नाव्या वर्षी गेले.
मेंढ्या त्या साली फार दणकट होत्या.

हे आत्याच सांगते, हसत.
मग सूप ढवळायची थांबते.
"खाल्ला असता तर?"

बशीत उघडतं.
उंदरात कधी उघडतं, कधी नाही.
माणसांचं अजून मोजतोय:
कुणी किती शिजवलं, कुणी किती चावलं,
कुणाच्या आतड्यात कुठले जंतू राहतात,
कुणाला बापाकडून काय आलं.
"कदाचित" हा एकच शब्द
सहा तास समुद्रावरून न सांडता आणलाय, आत्या.
पुढ्यात ठेवते. याहून मोठा नाही माझ्याकडे.

ती मीठ घालते. चव बघते. पुन्हा घालते.

मी बशा काढायला उठते तेव्हा दिसतं
घड्याळामागे खोचलेलं पाकीट,
आतड्याच्या तपासणीचं, सरकारी,
टपालाचा शिक्का मार्चचा.
आता ऑक्टोबर.

"आणि तू?" मी म्हणते. "उघडलंस का काही?"

बाहेर पहिलं दहिवर पडतंय.
केल आता गोड होईल, ती म्हणते,
आणि बराच वेळ
हातातल्या पाला कापायच्या सुरीकडे बघते,
मग पाकिटाकडे.