आवक क्रमांक

तहसिलातून पत्र आलं:
मॉरिशसचे माजी मंत्री, माननीय शिवा भिकू,
पूर्वजांचं घर बघायला येत आहेत,
तरी शोध घेऊन ठेवावा.

मी पंचायतीतला लेखनिक.
चोवीस वर्षं जन्ममृत्यूची वही माझ्या हातात,
पण भिकू आडनावाचं घर
जैतापूरच्या खाडीला दोन्ही अंगांनी नाही.
आमच्यात भिकू आडनाव नसतं,
भिकू माणूस असतो.
आधीची तीन गेली की चौथ्याला
सुपात घालून शेजारणीकडून मागून घेतात,
नाक टोचतात, नाव ठेवतात भिकू,
मरणानेही म्हणावं, ह्या भिकाऱ्याचं काय न्यायचं.

एप्रिलात आला. मुसाकाजीच्या धक्क्यावर
वाकून शेवटच्या पायरीला हात लावला
आणि कालवांनी तळवा कापला.
मी रुमाल दिला. तो हसला. म्हणाला,
"बरं झालं. काहीतरी ओळखलं मला."
मराठी त्याची पेटीतल्या पातळासारखी,
घडी सुंदर, घडीवरच विरलेली.

पणजा इथूनच बोटीत चढला, म्हणाला.
तिकडच्या बंदरात बाबूने नाव विचारलं, ह्याने सांगितलं,
बाबूने ते आडनावाच्या रकान्यात टाकलं.
मग ऊस. मग उसाच्या कडेला शाळा.
गोदीतल्या हमालांच्या संपात हा माइक धरायला गेला,
बोलणारा आला नाही, म्हणून बोलला.
एकोणतिसाव्या वर्षी निवडून आला.
"चाळीस वर्षं दारोदार मतं मागितली," म्हणाला,
"नावाचा अर्थ मला कुणी सांगितला नव्हता."
तो मीच सांगितला होता, दहा मिनिटांपूर्वी.
सांगायला नको होता की काय, कळेना.

मंत्री आला हे कळून बर्फाच्या कारखान्याशी माणसं जमली.
मंत्री कुठला, आजी की माजी, कोण विचारतो?
शब्बीर सोलकरने अर्ज पुढे केला:
खाडीच्या तोंडाशी गाळ, ओहोटीला होडी घासते,
बाहेर पर्ससीनवाले रात्रीचा दिवस करून
बांगड्याची पिल्लंसुद्धा उपसतात,
तरी साहेबांनी लक्ष घालावं.
तो उभा राहिला. छाती आपोआप पुढे,
हात आपोआप खिशाकडे, पेनाला.
"मी बघतो," म्हणाला.
आणि मग बघतच राहिला,
स्वतःच्या हाताकडे, रुमालातून आलेल्या डागाकडे.

खाली बसून हळू बोलला, शब्बीरलाच:
"मत्स्यखातं अकरा वर्षं माझ्याकडे होतं.
परदेशी ट्रॉलर आमच्या पाण्यात आले
त्या कागदावर सही माझी.
शाळांना छप्पर मिळालं त्या पैशातून, खरंच मिळालं.
आमच्या कोळ्यांना मासा मिळेना.
एकशे बारा मतांनी पडलो.
मोजणी पुन्हा मागितली नाही."
कुणी काही बोललं नाही.
शब्बीरने विडी पेटवली, त्यालाही एक दिली.
अर्ज मात्र परत मागितला नाही,
आणि त्याने दिला नाही.

घर दाखवायचं होतं. मी एक चौथरा दाखवला,
करवंदीत बुडालेला, कुणाचा ते मलाही ठाऊक नाही.
त्याला कळलं असावं. त्याने दगड उचलला नाही,
फोटो काढला नाही.
फक्त विचारलं, इथून समुद्र ऐकू येतो का.
भरतीला येतो, म्हटलं. खरं तेवढंच होतं.

पावसाळा सरता सरता लिफाफा आला.
तिकिटावर पक्षी. आत शाळकरी वळणाची अक्षरं:
*आपला अर्ज पावला.
ह्या कार्यालयाला अधिकार नाही.
हे कार्यालय म्हणजे जेवणाचं टेबल आहे.
तरी आपल्या जिल्ह्याला, राज्याला, दिल्लीला
मी तीन पत्रं लिहिली आहेत, दर महिन्याला लिहीन.
सवय आहे. हात बरा झाला.*
खाली सही: भिकू.
नुसतं.

मी आवक वही उघडली. क्रमांक घातला.
तारीख घातली. विषयाच्या रकान्यात
आधी 'गाळ' लिहिलं, खोडलं,
मग शब्बीरला हाक मारली,
तो होडीला डांबर फासत होता,
म्हणाला, हात धुऊन येतो, थांब जरा.