पिशवीत काय

साळावचा पूल उतरलो की टॉर्च हलतो.
आधी गाडीवर पडतो, मग माझ्यावर,
आणि माझ्यावरच राहतो.

काशीदहून परतणारी पांढरी इनोव्हा पुढे गेली,
आत मोठ्यानं गाणी, खिडकीबाहेर एक पाय.
बुलेटवरचे दोघे बिनहेल्मेटचे, तेही गेले.
मी हेल्मेट काढून हातात घेतो.
नाही काढलं तर म्हणतात, तोंड लपवतोस.
काढलं तर तोंड दिसतं.

लायसन, आरसी, विमा, पीयूसी,
चारही प्लास्टिकच्या पिशवीत, वरच्या खिशात,
खिशाचं बटण पुलावरच उघडलेलं.
कागद काढायला वेळ लागला
तर त्या वेळाचाही जाब असतो.

"नाव?"
लहू काळू हिलम.
"काळू." टॉर्च लायसनवर, टॉर्च माझ्यावर.
"दिसतंयच."
दुसरा हसतो. घाटावरून बदली होऊन आठवडा झाला त्याला,
या खाडीचं नाव अजून नीट घेता येत नाही,
तो मला विचारतो, तू कुठला?

कुठला.
याच पुलाच्या तिसऱ्या खांबाखाली
आईनं मला पाठीशी बांधून
चिखलातली बिळं उकरली.
ओहोटी कधी लागेल ते मी
पाण्याकडे न बघता सांगतो.
पण विचारलेलं तेवढंच बोलावं.
कातकरवाडी, साहेब.
पुढचं सगळं त्याला आधीच माहीत असतं.

नागावात कुणाच्या तरी बंगल्यातून
पाण्याची मोटर गेली आहे.
मागच्या महिन्यात सायकल, त्याच्या आधी
झोपाळ्याच्या पितळी कड्या.
दर वेळी वस्तू बदलते.

"पिशवीत काय?"
चिंबोऱ्या.
"यांची पावती?"
मी हसत नाही.
एकदा हसलो होतो, बारावीचा निकाल घेऊन येत होतो तेव्हा.
कागद उलटसुलट करून त्यांनी विचारलं होतं,
कुणाचा उचललास?

"ओत."

ओतल्या.
डांबरावर एकवीस चिंबोऱ्या,
केळीच्या सोपटानं नांग्या बांधलेल्या.
गाठ बापाची. शिकवताना म्हणायचा,
आधी उजवी बांध,
डावी नुसती भिववते.
चौकीसमोर कसं उभं राहायचं तेही त्यानंच शिकवलं:
हात खिशात नकोत, पाठीमागे तर नकोच,
पोटापुढे धर, एकात एक,
असे.

आजा रात्री हजेरीला जायचा.
का, विचारलं तर म्हणायचा, कायदा होता.
मग गेला कायदा, म्हणायचा.
तरी कुत्रं भुंकलं की
अंथरुणात उठून बसायचा आणि अंधाराला सांगायचा,
हजर.

मोठा साहेब वाकून निवडतो.
पोट दाबून बघतो, भरलेली कुठली, पोकळ कुठली,
हे मात्र त्याला कळतं.
सहा.
मोटरीचं काय झालं ते
त्यानंतर कुणी विचारत नाही.

उरलेल्या गोळा करायला मी खाली बसतो.
एकीची गाठ सुटली आहे.
ती बॅरिकेडच्या पायाशी थांबते, नांगी वर करते,
आणि मग आडवी, तिच्या चालीनं,
उजेडाच्या बाहेर.
मला दिसते. मी दुसरीकडे बघतो.

हॉटेलवाला म्हणाला, फोनवर एकवीस बोललास.
मी म्हणालो, चौदा.

घरी आई नोटा मोजते.
सहांचे कमी. त्यावर ती काही बोलत नाही,
शनिवारी तेवढे कमीच धरते ती.
"आणि अजून एकीचे?"
गाठ सैल राहिली, मी म्हणतो.

पडवीतल्या अंधारातून बाप विचारतो,
"उजवी?"